जमिनीविना वतन : प्राचीन इस्राएलातील याजकांची सेवा आणि वारसा

श्रोतेहो,

मराठी पवित्र शास्त्रात ‘गणना’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात परमेश्वर अहरोनाला, म्हणजे मोशेच्या भावाला आणि पहिल्या मुख्य याजकाला, सांगतो की, या लोकांच्या देशात तुला वतन मिळायचे नाही, त्यांच्यात तुला वाटाही नसणार. तुझा वाटा आणि तुझे वतन मीच आहे. मूळ हिब्रूतला शब्द ‘नहला’. वाडवडिलांकडून आलेली आणि मुलाबाळांकडे जाणारी जमीन, असा त्याचा अर्थ. त्यासाठी मराठीत ‘वतन’ हा शब्द आला, आणि माझ्या मते तो फार नेमका बसला आहे. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे, हे पाटीलकी-कुलकर्णीपण पाहिलेल्या आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. वतनाबरोबर सेवा येते, हक्क येतात, मान येतो, सेवेत कसूर झाली तर जाबही येतो, आणि हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालते. याजकांच्या वतनात हे सारे होते. फक्त जमीन नव्हती. आजचे व्याख्यान त्या जमिनीविना वतनाबद्दल आहे.

सुरुवात लेवीपासून करावी लागते. याकोबाच्या बारा मुलांतला हा एक. उत्पत्तीच्या ४९ व्या अध्यायात मरणशय्येवरचा बाप शिमोन आणि लेवी या दोघांवर त्यांच्या तलवारीमुळे संतापतो आणि म्हणतो की, मी यांची इस्राएलात पांगापांग करीन. पुढे लेवीचे वंशज खरोखरच पांगले. इतर वंशांना सलग मुलूख मिळाला. लेवींना सगळ्या वंशांच्या मुलखांत विखुरलेली ४८ नगरे मिळाली. त्यांतली १३ अहरोनाच्या घराण्याची, म्हणजे याजकांची, आणि ती यहूदा, शिमोन व बन्यामीन यांच्या हद्दीत होती. हेब्रोन त्यांतलेच. नगराभोवती गुरांपुरते कुरण असे आणि ते कायमचे विकता येत नसे. बापाने शाप म्हणून उच्चारलेली पांगापांग पुढे सेवेची रचना झाली, ही गोष्ट मला या इतिहासात फार महत्त्वाची वाटते. जो कुठेच नाही तो सगळीकडे असू शकतो.

नियम आणि वस्तुस्थिती यांत अंतर होते, हेही सांगितले पाहिजे. शलमोनाने अब्याथार याजकाला पदच्युत केले तेव्हा ‘अनाथोथास आपल्या शेतावर जा’ असे त्याला बजावले. म्हणजे शेत होते. त्याच अनाथोथातल्या याजककुळातल्या यिर्मया संदेष्ट्याने चुलतभावाचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतले. शिवाय याजक नेमके कोण, याबद्दलही ग्रंथांत एकच सूर नाही. ‘अनुवाद’ हे पुस्तक ‘लेवी याजक’ असे सरसकट म्हणते, ‘लेवीय’ आणि ‘गणना’ वेदीची सेवा फक्त अहरोनाच्या वंशाला देतात, आणि यहेज्केल त्याहून पुढे जाऊन ती शलमोनाच्या काळातला याजक सादोक याच्या घराण्यापुरती ठेवतो. ग्रंथांचे हे थर वेगवेगळ्या काळांतले आहेत. एकाच दिवशी लिहिलेली नियमावली म्हणून ते वाचले की गोंधळ उडतो.

लेवींना सेवेत घेतले ते पहिलौठ्या मुलांच्या बदल्यात. मिसर देशातले पहिलौठे ज्या रात्री मेले त्या रात्रीपासून प्रत्येक घरचा पहिला मुलगा परमेश्वराचा, हे तत्त्व होते. गणनेच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा चोख हिशोब आहे. लेवी २२,०००, इतर वंशांतले पहिलौठे २२,२७३. माणसामागे माणूस लावला तर २७३ उरले. त्यांच्यासाठी दरडोई पाच शेकेल, असे १,३६५ शेकेल रुपे अहरोनाला दिले. आता त्याच अध्यायातली घराण्यांची संख्या मांडून पाहा : गेर्षोन ७,५००, केहाथ ८,६००, मरारी ६,२००. बेरीज २२,३०० येते. वरचे ३०० कुठे गेले? ताल्मूदाचे, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मशिक्षकांच्या) चर्चांच्या संग्रहाचे, उत्तर असे की, ते ३०० स्वतःच लेवींतले पहिलौठे होते, आणि जो स्वतः देणे आहे तो दुसऱ्याचे देणे फेडू शकत नाही. शेकेलाचे वजन यहूदातल्या उत्खननांत सापडलेल्या दगडी वजनांवरून सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ आपला तोळा. पाच शेकेल म्हणजे पाच तोळे चांदी. मूल महिन्याचे झाले की पाच नाणी याजकाच्या हातात ठेवून त्याला सोडवून घ्यायचे, हा विधी यहुदी घरांत आजही होतो.

आता याजक घडतो कसा ते पाहू. हा दीक्षाविधी लेवीयाच्या आठव्या अध्यायात आहे आणि तो सात दिवसांचा आहे. आधी स्नान, मग वस्त्रे, मग तेलाचा अभिषेक. त्यानंतर पापार्पणाचा गोऱ्हा, होमार्पणाचा मेंढा आणि शेवटी दीक्षेचा मेंढा. या दुसऱ्या मेंढ्याचे रक्त मोशे बोटावर घेतो आणि अहरोनाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. कान, हात, पाय. ऐकणे, करणे, चालणे. हे तीन ठिपके लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा, अगदी वेगळ्या माणसाच्या अंगावर दिसणार आहेत. त्यानंतर चरबी, उजवी मांडी आणि टोपलीतल्या बेखमीर पोळ्या नव्या याजकाच्या तळहातांवर ठेवतात आणि ते सारे परमेश्वरासमोर ओवाळतात. हिब्रूत दीक्षेला शब्दच आहे ‘हात भरणे’. याजक म्हणजे ज्याचे हात भरले तो, आणि भरलेल्या हातांतले आपले स्वतःचे काहीच नाही.

वस्त्रांबद्दल थोडेसे. साध्या याजकाला चार वस्त्रे : तागाचा झगा, चोळणा, कमरबंद आणि शिरोवस्त्र. मुख्य याजकाला या चारांवर आणखी चार, म्हणजे एफोद (खांद्यांवर अडकवायचे वस्त्र), ऊरपट, निळा झगा आणि कपाळावरची सोन्याची पट्टी. ऊरपटावर चार ओळींत बारा रत्ने, प्रत्येकावर एका वंशाचे नाव. खांद्यांवरच्या दोन गोमेद मण्यांवर सहा-सहा नावे. सगळ्या लोकांचे ओझे खांद्यावर आणि छातीवर वाहायचे. पायांत मात्र काही नाही. पोशाखाच्या यादीत जोडे नाहीत आणि सेवा अनवाणीच होई. त्याचा परिणामही नोंदलेला आहे. मिश्नात, म्हणजे ताल्मूदाला आधार असलेल्या यहुदी नियमसंग्रहात, मंदिरातल्या अधिकाऱ्यांची यादी आहे, तीत बेन अहिया नावाचा एक जण फक्त पोटाच्या तक्रारींवर नेमलेला होता. कारण ताल्मूद सांगतो : याजक थंड फरशीवर अनवाणी चालत, मांस खात आणि वर पाणी पीत.

अभिषेकाच्या तेलाची कृती निर्गमाच्या ३० व्या अध्यायात आहे. गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेखंड २५०, तज ५०० आणि जैतुनाचे तेल एक हिन. करून बघणाऱ्याची अडचण इथेच होते. सुगंधी द्रव्ये १,५०० शेकेल, म्हणजे सुमारे १७ किलो. हिन म्हणजे साडेतीन लिटरांच्या आसपास. एवढ्या मुळ्या-साली एवढ्याशा तेलात उकळल्या तर तेल हाती लागणारच नाही, सालीच ते पिऊन टाकतील. हा प्रश्न रब्बींनाही पडला होता. एकाचे म्हणणे, तेलातच उकळत. दुसरा म्हणाला, तेवढे तेल तर मुळ्यांना नुसते चोपडायलाही पुरले नसते. आधी मुळ्या पाण्यात भिजवत, मग वर तेल ओतत, तेलाने गंध धरला की ते वरच्यावर काढून घेत. प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे. घरच्या वापरासाठी हे तेल किंवा वेदीचा धूप कुणी तयार केला तर तो लोकांतून तोडला जाई. सुगंध बाजारात मिळू लागला की पवित्राची खूण पुसली जाते.

दुसऱ्या मंदिराच्या, म्हणजे बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर बांधलेल्या मंदिराच्या, काळात, इसवी सन ७० पूर्वी, याजकांचा दिवस कसा सुरू होई याचे वर्णन मिश्नाच्या ‘तामीद’ या प्रकरणात आहे. याजकांच्या २४ पाळ्या होत्या, १६ एलाजाराच्या शाखेच्या आणि ८ इथामाराच्या. प्रत्येक पाळी शब्बाथापासून (शनिवारच्या विसाव्याच्या दिवसापासून) शब्बाथापर्यंत एक आठवडा सेवा करी. म्हणजे साधा याजक सणांखेरीज वर्षातून दोनदाच मंदिरात येई. उरलेले दिवस तो आपल्या गावी. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या हा आठव्या, म्हणजे अबीयाच्या, पाळीतला.

पहिले काम राख काढण्याचे. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, अशी आज्ञा आहे. म्हणून रात्रभर जळलेल्याची राख पहाटे काढणे आलेच. ज्यांना ही सेवा हवी ते अधिकारी यायच्या आधी उठून स्नान करून तयार राहत. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघे त्याला बाकीचे बजावत : गंगाळाच्या पाण्याने हातपाय धुतल्याशिवाय भांड्याला हात लावू नकोस. मग तो एकटा अंगणात जाई. हातात दिवा नाही, उजेड फक्त वेदीवरच्या आगीचा. तो कुणाला दिसत नसे, त्याची चाहूलही लागत नसे. थोड्या वेळाने लाकडी रहाटाची करकर ऐकू येई. बेन कातीन नावाच्या माणसाने गंगाळासाठी हा रहाट करून दिला होता, कारण पवित्र भांड्यात पाणी रात्रभर राहिले तर ते सेवेला बाद होई. तो आवाज आला की आत थांबलेले म्हणत, वेळ झाली. एकटा याजक हातपाय धुई, चांदीचे अग्निपात्र घेऊन उतरणीवरून वेदीवर चढे, निखारे दोन्हीकडे सारून अगदी आतले जळून गेलेले निखारे घेई, खाली येई आणि उतरणीच्या पूर्वेला, तिच्यापासून तीन मुठींच्या अंतरावर, त्यांचा लहानसा ढीग घाली. बाकीचे तेवढ्यात धावत येऊन हातपाय धूत आणि दिवस सुरू होई.

याजकाच्या दिवसाचा आरंभ राख उचलण्याने होतो, आणि त्यासाठी तागाची पवित्र वस्त्रे घालावी लागतात. हीच राख छावणीबाहेर न्यायची असेल तेव्हा मात्र कपडे बदलायचे. देवळातला केर काढणे हलके काम आहे असे मानणाऱ्याने लेवीयाचा सहावा अध्याय वाचावा.

या सेवेसाठी चिठ्ठी का आली? पूर्वी चिठ्ठी नव्हती. इच्छुक जास्त असले तर ते उतरणीवर धावत, आणि वेदीपासून चार हातांच्या आत जो पहिला पोहोचे त्याला मान मिळे. एकदा दोघे बरोबरीने धावत असताना एकाने दुसऱ्याला ढकलले. तो पडला आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून न्यायसभेने चिठ्ठी ठरवली. मिश्ना ही गोष्ट झाकून ठेवत नाही. चिठ्ठी म्हणजे बोटे मोजणे. सगळे गोल उभे राहत, प्रत्येक जण एखादे बोट पुढे करी, अधिकारी एक आकडा ठरवून मोजत जाई आणि मोजणी जिथे संपे तो निवडला जाई. अंगठा पुढे करायला बंदी होती, कारण अंगठा आणि तर्जनी फाकवून एकाच माणसाला दोन माणसांएवढे मोजून घेता येते. माणसाच्या मनाची इतकी जाण ठेवून केलेले नियम पाहिले की ते करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

अशा दिवसातून चार चिठ्ठ्या निघत. दुसरीत तेरा जणांना कामे मिळत : कोण कापणार, कोण रक्त शिंपडणार, आतली धूपवेदी आणि दीपवृक्ष कोण साफ करणार, डोके, पाय, ऊर, बरगड्या, आतडी, सपीठ, द्राक्षारस कोण नेणार. तिसरी चिठ्ठी धूपासाठी, आणि तिची हाकच अशी की, ज्यांनी कधी धूप जाळला नाही त्यांनीच या. म्हणून जखऱ्याला म्हातारपणी धूपाची चिठ्ठी निघाली, तो क्षण त्याच्या आयुष्यातला एकमेव होता.

रोजचे अर्पण साधे आहे : एक वर्षाचे निर्दोष कोकरू सकाळी, एक संध्याकाळी. प्रत्येकाबरोबर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे सव्वादोन लिटरांच्या आसपास, त्यात पाव हिन कुटून काढलेले तेल, आणि पाव हिन द्राक्षारस. कापायची वेळ म्हणजे उजाडल्यावर. उंचावर चढून एक जण पूर्वेकडे पाही आणि उजाडल्याचे सांगे, तेव्हाच सुरी हातात घेतली जाई. कारण एकदा चंद्राचा उजेड पाहून पहाट झाली असे वाटले, कोकरू कापले गेले आणि मग ते जाळण्याच्या जागी न्यावे लागले.

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. याजक म्हणजे बळी कापणारा, असे सर्रास समजले जाते. लेवीयाचा पहिला अध्याय नीट वाचा. खासगी अर्पणात जनावर आणणारा माणूस स्वतः त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि स्वतःच त्याला कापतो. याजकाचे काम रक्तापासून सुरू होते : ते भांड्यात धरणे, वेदीपर्यंत नेणे, वेदीवर शिंपडणे. पक्ष्याच्या अर्पणात मात्र सगळे याजकाच्या हाताने होते. म्हणजे याजक माणसाऐवजी अर्पण करत नाही. माणसाचे अर्पण त्याला स्वतःला जाता येत नाही तिथे तो पोहोचवतो. आणि यात चूक हाताचीच व्हावी लागते असे नाही. रक्ताच्या या कृती चालू असताना याजकाच्या मनात ‘हे मांस मुदत टळल्यावर खाऊ’ असा विचार आला तर, मिश्नाच्या नियमाप्रमाणे, सगळे अर्पण बाद. नादाब आणि अबीहू हे अहरोनाचे थोरले मुलगे परका अग्नी घेऊन आत गेले आणि तिथेच मेले. त्याच अध्यायात लगेच दर्शनमंडपात (मंदिराआधीच्या पवित्र तंबूत) मद्य पिऊन न येण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही आहे : पवित्र आणि साधारण, शुद्ध आणि अशुद्ध यांतला भेद तुम्हाला कळला पाहिजे, आणि तो तुम्ही लोकांना शिकवला पाहिजे.

हा भेद ओळखण्याचे काम अंगणाबाहेरही होते. लेवीयाचा १३ वा आणि १४ वा अध्याय त्वचेवरच्या डागांचा आहे. हिब्रू शब्द ‘त्साराअत’. जुन्या भाषांतरांत त्याला महारोग म्हटले गेले आणि त्यातून पुष्कळ माणसांचे आयुष्यभर नुकसान झाले. त्या अध्यायातली लक्षणे आजच्या कुष्ठरोगाशी जुळत नाहीत, आणि तोच शब्द कपड्यावरच्या नि भिंतीवरच्या डागांनाही वापरला आहे. याजक तिथे औषध देत नाही. तो पाहतो. डागातला केस पांढरा झाला आहे का? डाग कातडीपेक्षा खोल दिसतो का? नक्की कळत नसेल तर सात दिवस वेगळे ठेवायचे आणि पुन्हा पाहायचे. पसरला नसेल तर आणखी सात दिवस. फिका पडला की कपडे धुऊन माणूस शुद्ध. घाईने निकाल देऊ नये म्हणून हे चौदा दिवस आहेत.

घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस खळगे दिसले तर मालक येऊन सांगे, मला घरात डागासारखे काहीतरी दिसते. तो विद्वान असला आणि त्याची खात्री असली तरी त्याने ‘सारखे’ म्हणायचे. ‘डाग आहे’ हे याजकानेच म्हणायचे. आणि याजक आत जाण्याआधी काय हुकूम देतो? घर रिकामे करा. कारण त्याने एकदा अशुद्ध म्हटले की आतले गाडगे-मडके सगळे अशुद्ध ठरणार. गरिबाची भांडी वाचावीत म्हणून याजक उंबऱ्याबाहेर थांबतो. मग सात दिवस घर बंद, डाग वाढला तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, नवा गिलावा द्यायचा. तरी परत आला तर घर पाडायचे.

आणि आता ते तीन ठिपके. बऱ्या झालेल्या माणसाला समाजात परत घेताना दोन पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाच्या वनस्पतीची डहाळी घेऊन विधी होतो. आठव्या दिवशी दोषार्पणाचे रक्त याजक त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. त्यावर तेलही लावतो. अहरोनाला जिथे लावले अगदी तिथेच. छावणीबाहेर फाटक्या कपड्यांत ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडत बसलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या अंगावर मुख्य याजकाची खूण असते. संपूर्ण लेवीयात मला याहून हृद्य जागा सापडलेली नाही.

आता हक्कांकडे. लोक लेवींना दशमांश देत आणि लेवी त्या दशमांशाचा दशमांश याजकांना देत. शांत्यर्पणातले ओवाळलेले ऊर आणि उजवी मांडी याजकाची. होमार्पण सगळे जळते, पण कातडे ते अर्पण करणाऱ्या याजकाचे. पापार्पणाचे मांस याजककुळातल्या पुरुषांनी पवित्र जागेतच खायचे. धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा प्रथमभाग, मेंढरांची पहिली लोकर. दर शब्बाथाला बदलल्या जाणाऱ्या समर्पित भाकरी बारा. एकेक भाकर एफाच्या दोन दशांशांची, म्हणजे अंदाजे अडीच किलो सपिठाची. जुन्या भाकरी काढणारे चौघे आणि नव्या ठेवणारे चौघे समोरासमोर उभे राहत. एकाचा हात सरके तसा दुसऱ्याचा पुढे येई, म्हणजे मेज क्षणभरही रिकामे राहू नये. या भाकरी करण्याची कला गार्मू घराण्याकडे होती आणि ते ती कुणाला शिकवायला तयार नव्हते. त्यांच्याऐवजी अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले. त्यांना भाकर भाजता आली, पण गार्मूंसारखी भट्टीतून काढता येईना, आणि त्यांच्या भाकरीला बुरशी आली. शेवटी गार्मूंनाच परत बोलवावे लागले. वारशाने आलेली विद्या घराण्याची मालमत्ता होऊन बसली की असे होते, आणि मिश्ना गार्मूंची नावे निंदेच्याच यादीत घालते.

ज्याला शेत नाही त्याचे पोट दुसऱ्याच्या खळ्यावर अवलंबून. यातून दोन प्रकारची दुखणी निघाली. एक, याजकाने हिसकावून घेणे. मंदिर होण्यापूर्वी शिलो येथे एली याजकाच्या मुलांचा चाकर तीन काट्यांचा आकडा घेऊन येई, शिजत्या भांड्यात खुपसे आणि वर निघेल ते नेई. पुढे तर चरबी जाळण्याआधीच कच्चे मांस मागू लागला. दुसऱ्या मंदिराच्या शेवटच्या काळाबद्दल यहुदी इतिहासकार जोसिफस लिहितो की, मुख्य याजकांचे चाकर खळ्यांवर जाऊन दशमांश जबरदस्तीने उचलत, आणि गरीब याजक उपाशी मेले. ताल्मूद सांगतो की, बलाढ्य याजक कातडी लुबाडू लागले, तेव्हा ती सगळी मंदिरालाच वाहून टाकली गेली. दुसरे दुखणे, लोकांनी न देणे. यहूदाचा सुभेदार नहेम्या जेरुसलेमास परत आला तेव्हा लेवींचे वाटे पोहोचलेले नव्हते आणि गाणारे-सेवा करणारे आपापल्या शेतांकडे पळाले होते. त्याने कोठारांवर चौघे नेमले : एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांच्या हाताखाली आणखी एक. एकाच गटाच्या हातात किल्ली ठेवली नाही. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मंदिराच्या काळात, यहूदाच्या योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीचे पैसे याजकांवर सोपवले, तर त्याच्या कारकिर्दीच्या २३ व्या वर्षापर्यंत काम झालेच नाही. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक मिळून मोजत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांमार्फत सुतार-गवंड्यांना देत.

व्यंग असलेल्या याजकाबद्दल एक नियम फारसा सांगितला जात नाही. आंधळा, लंगडा, हात मोडलेला याजक वेदीपाशी जाऊ शकत नसे. हा नियम आज ऐकवत नाही. पण पुढच्याच वचनात आहे की, देवाची भाकर, परमपवित्रही, त्याने खावी. सेवा थांबली तरी वाटा थांबत नाही. वतन त्याचेही होते.

प्रायश्चित्ताच्या दिवसावर एक वेगळे व्याख्यान लागेल. एवढेच सांगतो की, मुख्य याजकाला सात दिवस आधी घरातून मंदिरात आणून ठेवत, वडीलधारे त्याच्यासमोर विधी वाचत आणि म्हणत, महाराज, आपणही तोंडाने वाचा, कदाचित विसरला असाल, कदाचित शिकलाच नसाल. त्या दिवशी पाच स्नाने आणि हातपाय दहा वेळा धुणे. परमपवित्रस्थानात जाताना सोने नाही, साधा ताग.

बाबेलहून परत आलेल्यांच्या यादीत याजक ४,२८९ आणि लेवी फक्त ७४. मान आणि वाटा कमी तिथे परतणारे कमी. त्याच यादीत हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लय या घराण्यांना वंशावळीत आपली नावे सापडली नाहीत, म्हणून उरीम-थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) घेतलेला याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये असे ठरले. तसा याजक पुढे उभा राहिल्याची नोंद नाही. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळले आणि वेदीची सेवा थांबली. पाळ्यांची नावे मात्र लोकांनी जपली. १९६२ मध्ये कैसरिया येथे त्या २४ पाळ्यांच्या यादीचे संगमरवरी तुकडे सापडले आणि त्यांवर नासरेथाचे नाव होते. आपल्या कोकणात शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलदोडे, वर फळे. त्याचे नाते जुन्या अन्नार्पणाशी जोडले जाते.

जमिनीविना वतनाची भाषा याजकांपुरती राहिली नाही. ७३ वे स्तोत्र आसाफाच्या नावावर आहे आणि आसाफ लेवी गायकांचा प्रमुख होता. दुष्टांची भरभराट पाहून पाय घसरत आलेला माणूस तिथे शेवटी म्हणतो की, देह आणि मन खचले तरी देव माझा सर्वकाळचा वाटा आहे. ‘हेलेक’, वाटा; गणनेतलाच शब्द. शेतीच्या वाटणीतला हा शब्द लेवीच्या तोंडून प्रार्थनेत आला, आणि पुढे ज्यांची शेते गेली, देश गेला, त्या सगळ्यांनी तो म्हटला.

याजकाचे एक काम मंदिराशिवायही चालू राहिले : आशीर्वाद. गणनेच्या सहाव्या अध्यायातली ती तीन वचने हिब्रूत पंधरा शब्दांची आहेत, पहिल्यात तीन, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो, इथून सुरू होऊन शेवटी ‘शालोम’. १९७९ मध्ये जेरुसलेमातल्या केतेफ हिन्नोम येथे गाब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात एका थडग्यात चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात, म्हणजे पहिले मंदिर उभे असतानाचा, किंवा नुकतेच पडल्यानंतरचा काळ. मोठी उलगडल्यावर २७ मिलिमीटर रुंद आणि ९७ लांब, धाकटी ११ रुंद आणि ३९ लांब, म्हणजे करंगळीच्या पेराएवढ्या रुंदीची. त्या पत्र्यांवर टोकदार अवजाराने, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा अक्षरांत, याजकाच्या तोंडचा हाच आशीर्वाद कोरलेला आहे. गुंडाळीच्या मधून दोरा ओवायची जागा आहे. ती कुणीतरी गळ्यात घालत असे.